श्वासांची शिल्लक

लोणी भापकरला आमच्या लहानपणी मूल जन्मलं आणि रडलं नाही, की सुईण थाळी वाजवी, कांदा फोडून नाकाशी धरी. रडलं तर देव पावला, नाही तर नशीब. तो थाळीचा आवाज मला मध्यंतरी पुण्यातल्या एका रुग्णालयात आठवला. पुतणीची मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली होती. श्वास पुरेना, म्हणून श्वासनलिकेत नळी घालायची ठरली. आम्ही काचेबाहेर उभे.

नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, नळी घालणं अवघड आहेच, पण ती घालेपर्यंत प्राणवायू टिकवणं त्याहून अवघड."

हयात बँकेत गेलेली. मला ते हिशेबातच कळलं. तान्ह्याच्या फुप्फुसात प्राणवायूची ठेव अगदी थोडी. खर्च मात्र वजनाच्या मानानं मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट. पुरवठा थांबला की काही सेकंदांत खातं रिकामं होऊ लागतं, मग हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून आधी मास्कनं श्वास देऊन शिल्लक वाढवायची. एका प्रयत्नाला साधारण ३० सेकंद. जमलं नाही, तर हट्ट सोडून पुन्हा मास्क. तळव्याला बांधलेला पल्स ऑक्सिमीटर क्षणाक्षणाचा जमाखर्च दाखवत असतोच.

नळी बसेपर्यंतही जमा चालू ठेवता येईल का? मेलबर्नच्या डॉक्टरांनी तसं करून पाहिलं. नाकातून प्राणवायूमिश्रित हवेचा झोत चालू ठेवला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे २५१ प्रसंग होते. बाळाची प्रकृती न ढासळता पहिल्याच खेपेला नळी बसण्याचं प्रमाण झोत असताना ५० टक्के, नसताना ३१.५ टक्के भरलं.

पण जिथे नळीच नाही तिथे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना तान्ह्यांची काळजी घ्यायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला मास्कनं श्वास देणं, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गावर उपचार. ३९ गावांत नवजातांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं.

नळी मोठ्या रुग्णालयात मिळते. तिथवर पोचेपर्यंतची शिल्लक मात्र गावातच राखावी लागते. आपल्या आरोग्य केंद्रात तान्ह्याच्या मापाचा मास्क आहे का, आणि रात्री दोन वाजता तो नीट धरणारा हात आहे का, एवढं तरी आपण विचारायला हवं.

आमची नात आता घरभर रांगते. रडते तेव्हा कुणी तिला गप्प करायची घाई करत नाही.