पतंग सुबक हवा की उडायला हवा?

गेल्या वर्षी तिळसंक्रांतीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. आर्णीतील माझ्या दवाखान्यात एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आल्या. वय ७४, आयुष्यभर सुतारकाम केलेले गृहस्थ. झोप लागत नाही आणि जेवणावर वासना नाही, अशी तक्रार होती. रक्तदाब ठीक होता, साखरही आटोक्यात होती. पाण्याचा पेला उचलताना मात्र हात थरथरत होता.

बोलता बोलता खरे दुखणे कळले. दर संक्रांतीला गल्लीतील मुलांसाठी ते स्वतः पतंग करीत. या वर्षी त्यांनी कामटी हाती धरलीच नव्हती. "डाक्टरसाहेब, पह्यल्यावाणी सफाई येत नाही आता. वाकडंतिकडं काम म्या कधी कोनाच्या हाती देल्लं नाही," ते म्हणाले. सोबतचा नातू चटकन बोलला, "उडते न आबाजी, मंग झालं!" आजोबा गप्प झाले.

कारागिरी मोठी की मजा, हा वाद प्रत्येक छंदात असतो. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९५४ साली ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने आपल्या भावासह छोटा अग्निबाण तयार केला आणि त्यातून एक छंदच जन्मास आला. या छंदातही काहीजण अग्निबाणाचे पंख घासण्यात आणि रंगविण्यात महिने घालवतात. काहींना तो आज सायंकाळीच आकाशात सोडायचा असतो. परंतु काही गोष्टी दोघांनाही टाळता येत नाहीत. पंख सरळ बसले पाहिजेत, वजनाचा तोल साधला पाहिजे आणि उतरताना हवाई छत्री उघडली पाहिजे. रंग थोडा ओघळला म्हणून उड्डाण बिघडत नाही.

पतंगाचेही तसेच आहे. ताव किंचित चुरगळला, कडेला खळ दिसली, तरी तो उडतो. मात्र आडवी कामटी एका अंगाला जाड राहिली किंवा कन्नी भलत्या जागी बांधली, तर तो गिरक्या घेत खाली येतो. म्हणजे काही नेमकेपणा वस्तूसाठी असतो आणि काही आपल्या नावलौकिकासाठी. उतारवयात हातांची शक्ती मोजकी उरते. ती पहिल्या कामी वापरावी, हेच मी आजोबांना सांगितले.

आता थरथरीविषयी. "वय झाले" म्हणून ती सोडून देऊ नका. काम करताना हात थरथरणे आणि हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरणे, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारासोबत हालचाली मंदावल्या असतील तर कंपवाताची तपासणी आवश्यक ठरते. थायरॉईडचा विकार, दम्याची काही औषधे, मधुमेहींमध्ये साखर एकाएकी उतरणे, यांनीही हात थरथरतात. मोतीबिंदूमुळे काम बिघडते आणि दोष हाताला लागतो, असेही होते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

छंद चालू ठेवण्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्यात. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवून बसावे. सकाळच्या भरपूर उजेडात काम करावे. अवजारांच्या मुठींवर कापड गुंडाळून त्या जाड कराव्यात, म्हणजे बोटांच्या सांध्यांवर ताण येत नाही. अर्ध्या तासाने हातांना विसावा द्यावा. पतंग आकाराने थोडा मोठा घ्यावा.

घरच्या मंडळींना एक विनंती. "राहू द्या, बाजारात तयार मिळतो," असे म्हणून ज्येष्ठांच्या हातातील काम काढून घेऊ नका. कामाची वाटणी करा. कापणे, चिकटवणे मुलांकडे द्या. तोल पाहणे आणि कन्नी बांधणे ज्येष्ठांकडे ठेवा. त्यांचे काम मागून गुपचूप दुरुस्तही करू नका. ते त्यांच्या लक्षात येते आणि मनाला लागते.

पतंग उडवतानाही जपावे. मान वर करून फार वेळ पाहिल्यास ज्येष्ठांना भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खुर्चीवरून एकदम उठू नये. बिनकठड्याच्या गच्चीपेक्षा मोकळे मैदान बरे. विजेच्या तारांजवळ पतंग उडवू नये आणि तारेत अडकलेला काढायला जाऊ नये. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. तो गळा चिरतो, पक्ष्यांचे पंख कापतो. घरात आणूच नये.

त्या आजोबांची थरथर काम करतानाचीच निघाली. तपासणीत दुसरा आजार आढळला नाही. औषधाच्या लहान मात्रेने ती कमी झाली, पूर्ण गेली नाही. त्या संक्रांतीला त्यांनी आणि नातवाने मिळून दोनच पतंग केले. गल्लीतील मुलांच्या बाजारातल्या पतंगांना मात्र कन्नी त्यांनीच बांधून दिली. फेब्रुवारीत ते रक्तदाब दाखवायला आले, तेव्हा तक्रार वेगळी होती. कन्नी बरोबर होती, पोराने ढील दिली नाही म्हणून पतंग कटला! दोन्ही वेळचे जेवण व्यवस्थित असल्याचे सूनबाईंनी सांगितले.

आपल्या घरातही असे एखादे काम थांबले असेल. ते का थांबले, हे ज्येष्ठांना एकदा शांतपणे विचारा. उत्तर बहुधा हातांत असेल आणि त्यावर उपायही असेल.