नवापूरचा फलाट आणि जळगावचे कुलगुरू
लेखमाला : विद्यापीठांचा कारभार – लेखांक ५

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाचे अर्धे अंग महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. फलाटावरचे एक बाकडेही दोन राज्यांत वाटले गेले आहे. बारावी झालेला विद्यार्थी या बाकड्यावर बसला, तर पश्चिमेला सुरत जवळ पडते. पूर्वेला नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी स्थानके मागे टाकल्यावर जळगाव येते. त्याचे विद्यापीठ मात्र जळगावला.

कुलगुरूंची निवड कशी होते, हे गेल्या आठवड्यात पाहिले. निवड झाल्यावर त्यांनी स्पर्धा करायची ती कोणाशी, हा या आठवड्याचा विषय.

पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. १ जुलै १९९८ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. नकाशा बदलला, नाव बदलले, पण नंदुरबार जिल्ह्यातल्याच धडगावच्या मुलाला जळगाव आजही दीडशे किलोमीटरहून दूरच.

दरम्यान आजूबाजूला दुकाने वाढली. सुरतेत वीर नर्मद विद्यापीठ, राजपीपळ्यात बिरसा मुंडा आदिवासी विद्यापीठ, शिरपुरात खासगी अभिमत विद्यापीठाचा परिसर. अशा वेळी मानांकनाच्या यादीत दोन पायऱ्या वर सरकणे हे धोरण नव्हे. नंदुरबारमध्ये सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी वेगळाच आहे : दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघणारा ट्रक. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती आणि दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी. पावरी, मावची, भिली बोलणाऱ्या घरातले पोर पदवीच्या वर्गापर्यंत पोचते, तेव्हा ते निम्मी लढाई जिंकूनच आलेले असते.

अशी मुले वर्गात आणण्यासाठी कुलगुरूंच्या हाती काय आहे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने एक चांगले हत्यार दिले आहे : पाच वर्षांचा बृहत् आराखडा. नवे महाविद्यालय कुठे, कोणता अभ्यासक्रम कुठे, हे त्यात ठरते. आराखड्यात नसलेल्या जागी महाविद्यालयाला परवानगी मिळत नाही. म्हणजे अक्कलकुवा-अक्राणीत विज्ञान शाखा उघडायची की शहादा-नंदुरबारात आणखी एक तुकडी वाढवायची, हा निर्णय नुसता शैक्षणिक नाही. तो विद्यापीठाची खरी रणनीती आहे. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे. तिच्याकडे किती अभ्यासक्रम आणि किती पूर्णवेळ शिक्षक जातात, यावरून नेतृत्वाचा कल वाचता येतो.

अडचण सातत्याची. २०२१ मध्ये जळगावचे कुलगुरूपद रिकामे झाले आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू ई. वायुनंदन यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार आला. पुढच्या वर्षी विजय माहेश्वरी पूर्णवेळ कुलगुरू झाले. एक माणूस दोन विद्यापीठे सांभाळतो, तेव्हा फायली निघतात, परीक्षा होतात. लांबचे निर्णय मात्र थांबतात. म्हणूनच प्र-कुलगुरू आणि चार विद्याशाखांचे अधिष्ठाते ही दुसरी फळी भक्कम लागते.

घाईही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार संलग्नता पद्धत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठांचा मोठा आधार म्हणजे परीक्षा व संलग्नता शुल्क. सक्षम महाविद्यालये स्वायत्त होऊन बाहेर पडली, तर विद्यापीठाकडे उरतील ती दुर्गम भागातली, सर्वांत जास्त हात लागणारी महाविद्यालये. त्यांना ओझे मानायचे की आपले खास क्षेत्र, हे कुलगुरूंना आणि व्यवस्थापन परिषदेला आताच ठरवावे लागेल.

नंदुरबारच्या पालकांनी आणि प्राध्यापकांनी पुढचा बृहत् आराखडा मसुद्यात असतानाच मागवून वाचावा. आपल्या तालुक्याच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते पाहावे आणि सूचना लेखी द्याव्यात.

(पुढील लेखांकात : अधिसभेच्या निवडणुका)