तिकीट शून्य रुपये, पण फाटा दोन किलोमीटर

परिसर अभ्यासात आपण वाहतुकीची साधनं शिकवतो. चित्रातली बैलगाडी, एसटी, रेल्वे मुलं पटापट ओळखतात. पण एकदा वर्गात असं विचारून बघा: आजीला उद्या तालुक्याच्या दवाखान्यात जायचंय, ती कशी जाईल? उत्तर येतं, "पप्पा गाडीवर नेतील." आणि पप्पा पुण्याला कामाला असतील तर? मग वर्ग शांत होतो.

आधी सवलती बघू. ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट. मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट झालं, त्यामुळे आजीला वयाचा वेगळा फायदा मिळतो तो 75 नंतरच. सोबत आधारसारखं, वय दाखवणारं ओळखपत्र हवं. आता गंमत अशी की जुन्या माणसांपैकी अनेकांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारीच असते, अंदाजाने लिहिलेली! कंडक्टर मात्र कार्डावरचंच वय धरणार.

योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण ती तिकिटापुरती आहे. आजीचा प्रवास तिकिटाच्या बराच आधी, घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. वस्तीपासून फाटा दोन किलोमीटर असेल तर आपण अर्ध्या तासाच्या आत पोचतो. गुडघे धरलेल्या आजीला तासभर लागतो, वाटेत दोनदा बसावं लागतं. फाट्यावर शेड असेलच असं नाही. गाडी आली तर तिची पहिली पायरी एवढी उंच की मागून कुणीतरी हात द्यावा लागतो. पुढे स्टँडपासून दवाखान्यापर्यंत रिक्षा, तिथे सवलत नाही. ओपीडी दुपारी संपते आणि परतीची गाडी संध्याकाळची. यातला एक तुकडा जरी तुटला तरी आजी म्हणते, "राहू दे, पुढच्या महिन्यात बघू."

108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती तातडीच्या प्रसंगासाठी. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी ती येत नाही.

आपल्या शाळेशी जोडलेली एक गोष्ट तर आपल्याही लक्षात येत नाही. कितीतरी गावांत एसटीची सकाळची फेरी शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी असते. मानव विकासच्या निळ्या गाड्याही मुलींच्या शिक्षणासाठीच सुरू झाल्या. त्यामुळे दिवाळीची, उन्हाळ्याची सुट्टी लागली की अशा फेऱ्या बंद होतात. रक्तदाबाला काही सुट्टी नसते!

मग उरतं वडाप. ते भरल्याशिवाय हलत नाही आणि तिथे आजीचं वय कुणी विचारत नाही, पूर्ण भाडं घेतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळणाऱ्या माणसाने स्पेशल रिक्षा करायची म्हटलं तर औषधाला काय राहणार?

फेरी सुरू करायची किंवा चालू ठेवायची तर एसटी भारमान बघते, म्हणजे गाडीत माणसं किती बसतात ते. म्हणून मोफत असलं तरी शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यावं. त्या प्रवासाची नोंद होते आणि त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं. वडापने गेलेल्या किंवा घरीच बसलेल्या आजीची नोंद मात्र कुठेच होत नाही. ती करायला चौथीची मुलं पुरेशी आहेत. घरातल्या आजी-आजोबांना विचारून वहीत चार रकाने भरायचे: फाटा किती लांब, चालायला वेळ किती, शेवटचं तालुक्याला कधी गेला, कशाने गेला. पाचवा रकाना मी मुद्दाम ठेवते: जायचं होतं पण जाता आलं नाही, असं किती वेळा झालं? फेरीसाठी ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकांकडे जातो, तेव्हा हा तक्ता त्याला जोडता येतो.