९९०० एमएएचचा सेल आणि सुदर्शन चक्र

गणपतीच्या देखाव्यातलं फिरतं सुदर्शन चक्र असो की एकांकिकेतली पेटती तलवार, आत बहुधा एलईडी पट्टी, एखादी मोटर आणि रिचार्जेबल सेल असतो. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतं. सेलविषयीच्या समजुतीही सामानाबरोबरच पिशवीत येतात.

त्यातली सगळ्यात पक्की समजूत म्हणजे जितके जास्त एमएएच तितका सेल भारी. १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचं, ६५ मिलिमीटर लांबीचं नळकांडं. एवढ्याशा जागेत नामांकित कंपन्यांचे सेलही बहुतेक ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. ९९०० हा आकडा कारखान्यात नव्हे, छापखान्यात तयार होतो. शक्य झालं तर सेल वजन करून बघा. चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, त्याहून फार हलका असेल तर परत करा.

आणि आकडा खरा असला तरी तो सेल किती वेळ पुरेल एवढंच सांगतो. एका वेळी किती करंट देईल हे वेगळं गणित आहे, आणि चक्र बंद पडतं ते बहुधा तिथेच. डब्ल्यूएस२८१२ जातीचे ६० एलईडी पूर्ण पांढरे पेटवले तर प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरून ५ व्होल्टला ३.६ अँपिअर होतात. ३.७ व्होल्टच्या एका सेलवरून बूस्ट सर्किटने हे ५ व्होल्ट करायचे, तर सेलमधून पाच अँपिअरहून जास्त ओढले जातात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल एवढ्यात तापतो. यावर मोठी बॅटरी शोधण्याआधी प्रोग्रॅममध्ये उजेड पाववर आणावा. अंधाऱ्या रंगमंचावर तो भरपूर होतो.

‘३.७ व्होल्टनं काय होणार?’ हा प्रश्न मात्र खरोखर धोकादायक आहे. शॉक बसणार नाही, हे बरोबर. पण शॉर्ट झालेला लिथियम-आयन सेल क्षणात कितीतरी अँपिअर सोडतो आणि बारीक जंपर वायर लाल होते. या सेलचं पूर्ण धातूचं नळकांडं ऋण असतं, अगदी धन टोपीच्या कडेपर्यंत. मधे असतो तो फक्त पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा. तो फाटलेला सेल धातूच्या मुठीत सरकवला की पुढचं सांगायला नको. म्हणून फाटकं आवरण आधी बदला, सेल होल्डरमध्ये बसवा आणि धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज टाका. फ्यूज लांब टाकला तर सेलपासून फ्यूजपर्यंतची वायर संरक्षणाविनाच राहते. सेलवर थेट कथील ओतणं टाळा, त्या उष्णतेनं आतली रचना बिघडते. होल्डर नको असेल तर निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या.

‘चार्जिंगची पाटी लावली, म्हणजे संरक्षण आलं’ हे अर्धंच खरं. टीपी४०५६ची पाटी दोन प्रकारची मिळते. जिच्यावर सेलसाठी आणि लोडसाठी वेगळी टोकं असतात, तिच्यावर संरक्षणाची चिप असते. दुसरी नुसती चार्ज करते. संरक्षणाची पाटीही साधारण ३ अँपिअरला करंट तोडते. वरचं पांढरं चक्र ऐन प्रयोगात विझतं ते यामुळे. दोष सेलचा नसतो. ही पाटी एकाच सेलच्या व्होल्टेजसाठी आहे, सिरीजमधल्या दोन सेलना ती चालत नाही. पॅरललमध्ये जोडायचे सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे हवेत आणि जोडण्याआधी मल्टिमीटरवर त्यांचे व्होल्ट सारखे दिसायला हवेत. नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात बेफाम करंट ओततो. मूळ पाटी १ अँपिअरने चार्ज करते, त्यामुळे ३०० एमएएचच्या चपट्या पाऊच सेलला ती लावू नये.

लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत मी लिथियम घालणारच नाही. तिथे निकेल-मेटल हायड्राइडचे एए सेल उत्तम. ‘१.२ व्होल्टचा म्हणजे कमजोर’ हेही खोटंच, साधा १.५चा सेल लोडखाली लवकरच तेवढ्यावर घसरतो, हा मात्र बराच वेळ टिकून राहतो. चार सेलचे ४.८ व्होल्ट छोट्या सर्व्होला अगदी जुळतात. शॉर्ट केला तर हाही तापतो, फ्यूज इथेही हवाच.

सेल पूर्ण उतरवूनच चार्ज करायचा, ही जुन्या निकेल-कॅडमियमची सवय. लिथियमला ती मारक ठरते. हंगाम संपला की सेल काढून निम्म्या चार्जवर ठेवा.

लिथियम-आयनच्या आगीवर पाणी टाकू नये, असंही छातीठोकपणे सांगतात. या सेलमध्ये मोकळं धातुरूप लिथियम जवळपास नसतं. मेन्सचा प्लग काढून भरपूर पाणी ओतलं तर सेल थंड होतो आणि शेजारचा पेटत नाही. फुगलेला सेल टोचू नका, चार्जही करू नका. टोकांना इन्सुलेशन टेप लावून ई-कचरा संकलनात द्या.