जुन्या जीपचे तीन अंश

निलंगा ते लातूर अंतर पन्नासेक किलोमीटर. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचा टो फक्त 10 मिलिमीटरने चुकला असेल, तर एवढ्या प्रवासात पुढचं प्रत्येक टायर जवळपास साडेतीनशे मीटर आडवं घासलं जातं. हिशेब सरळ आहे. सोळा इंची रिमवरच्या टायरचा व्यास साधारण 72 सेंटिमीटर. टो म्हणजे दोन्ही चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरांतला फरक; तो 10 मिलिमीटर निघाला, की प्रत्येक चाकाच्या वाट्याला मीटरमागे सात मिलिमीटरचा तिरकेपणा येतो. टायर महिन्याभरात का गुळगुळीत झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. पण हा टो मुळात चुकला कशामुळे, हे शोधायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

1945 साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेल्या कंपनीने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी हाती घेतली. पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी आली, मग डिझेल इंजिनं, आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर काळी-पिवळी होऊन धावलेली कमांडर. इंजिनं बदलली, बॉडी लांबली. पुढचा सरळ ॲक्सल आणि त्याखालचे पाटे मात्र या घराण्याने दीर्घकाळ सोडले नाहीत. औराद शहाजानीकडून भालकीकडे माणसं आणि पोती वाहणाऱ्या जीपचं स्टेअरिंग समजून घ्यायचं, तर आधी हा ॲक्सल समजून घ्यावा लागतो.

सीजे-3बीच्या काळातल्या विलिस पुस्तिकेत मापं दिली आहेत: कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) दीड अंश, किंगपिनचा (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचा) आतला कल साडेसात अंश, कॅस्टर तीन अंश, टो-इन सुमारे 1.2 ते 2.4 मिलिमीटर. यातलं पान्याने बदलता येतं ते फक्त शेवटचं. कॅम्बर आणि किंगपिनचा कल ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला म्हणजे ॲक्सल वाकला किंवा बेअरिंग गेलं. म्हणूनच चाकांना सेन्सर लावून पडद्यावर लाल आकडे दाखवणारं यंत्र जीपवाल्याच्या फारसं कामी येत नाही. आकडा लाल आहे एवढं ते सांगेल, त्यामागची झीज हातानेच शोधावी लागते.

कॅस्टर म्हणजे किंगपिनच्या वरच्या टोकाचा मागे असलेला कल. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते याच्यामुळे. आपल्या भागातल्या गाड्यांचा खरा घोळ या तीन अंशांत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सीजे-3बीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर 80 इंच, म्हणजे 203 सेंटिमीटर. मागे माणसं खच्चून भरली, पाटे थकलेले असले आणि शेपूट सात सेंटिमीटर बसलं, की चासी दोन अंश मागे झुकते. तिच्याबरोबर पुढचा ॲक्सलही फिरतो आणि कॅस्टर तीनाचा पाच होतो. स्टेअरिंग जड लागतं, खड्ड्यातून बाहेर पडताना चाकं थरथरू लागतात. यावर उपाय म्हणून मालक मागे जादा पाटा टाकतो. आता रिकामी जीप मागून उंच राहते, कॅस्टर उतरतो आणि गाडी रस्ताभर भटकते. हे दुरुस्त करायला पुढच्या पाट्यात आणि ॲक्सलमध्ये बसणारी लोखंडी पाचर असते, पण ती लावण्याआधी मागची उंची मोजायला हवी.

काळी माती या सगळ्यात भर घालते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डांबराच्या कडेची साइडपट्टी खचत जाते. समोरून एसटी आली की डावं चाक खाली उतरतं आणि परत वर चढताना कडेवर आपटतं. तो हिसका टाय रॉडला, पाट्याच्या बुशांना आणि किंगपिनच्या बेअरिंगांना बसतो. विलिस घडणीच्या स्टेअरिंग नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) ही बेअरिंगं वर-खाली दोन असतात आणि त्यांचा ताण पातळ शिमांनी ठरवलेला असतो. फेल्टचं सील फाटून चिखलपाणी आत गेलं की ताण सुटतो. मग चाकाचं बॅलन्सिंग कितीही वेळा करा, थरथर जात नाही.

तपासायची रीत जुन्या फिटरांची आहे आणि ती अचूक आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मग चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून पाहायचं: स्टेअरिंग गिअरबॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंक, बेलक्रँक, टाय रॉडची टोकं. गती कुठे हरवते ते डोळ्यांना दिसतं. बेलक्रँकचा पिन बऱ्याचदा दोषी निघतो, आणि तो पाहायचाच राहून जातो. गाडी फक्त ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत असेल, तर आधी ड्रम उघडावेत.

हे सगळं घट्ट झालं की मग टो. चाक उचलून फिरवायचं आणि स्थिर धरलेल्या खडूने टायरच्या मध्यावर रेघ मारायची. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलायची, म्हणजे पाटे बसतात. ॲक्सलच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर घ्यायचं, आणि तीच खूण मागे येईपर्यंत गाडी अर्धा फेरा ढकलून पुन्हा मोजायचं. तीच खूण वापरल्याने वाकड्या रिमची चूक मापात शिरत नाही. पुढचं माप किंचित कमी हवं, कारण मागच्या चाकांनी ढकललेल्या गाडीत पुढची चाकं बाहेरच्या बाजूला उघडू पाहतात.

टाय रॉड दोन असतील तर फिरवणी दोन्हीकडे सांभाळून करावी. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग गिअरबॉक्स बरोबर मध्यावर असायला हवा, कारण रॉस घडणीचा कॅम तिथेच सर्वांत घट्ट बसतो. एकच रॉड फिरवला की मध्य सरकतो आणि नव्या सांध्यांतही स्टेअरिंग ढिलं वाटतं. पाटे किंवा बुश नवे टाकले असतील, तर भरल्या गाडीने काही फेऱ्या मारून टो पुन्हा मोजावा आणि यू-क्लॅम्पच्या नटांनाही त्याच वेळी पाना लावावा.