चाकात चालणारी माणसं

पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलं, त्या बातमीनंतर एका वाचकाने विचारलं: इंजिन नाही, वीज नाही, मग मध्ययुगात दगड आणि तुळया एवढ्या उंच चढवल्या कशा?

बऱ्याचशा चालून! चार मीटर व्यासाचं लाकडी पोकळ चाक घ्या. माणूस आत शिरतो आणि चालू लागतो, चाक फिरतं, आसावर दोर गुंडाळला जातो, दुसऱ्या टोकाचा दगड वर येतो. हे यंत्र रोमन लोकांनाही ठाऊक होतं. हातेरी घराण्याच्या थडग्यावरच्या शिल्पात ते कोरलेलं आहे. फ्रान्समधल्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख १२२५पासून सापडतो.

हिशेब करून बघा. माणूस साधारण तीस अंशांच्या चढावर चालतो, म्हणून दोन मीटर त्रिज्येतला एकच मीटर तरफेच्या कामी येतो. आसाची त्रिज्या २० सेंटिमीटर धरली, तर ६० किलोचा माणूस ३०० किलो तोलतो. घर्षणापायी थोडं कमी. त्याची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते. चाकाच्या एका फेऱ्यात तो साडेबारा मीटर चालतो आणि दगड जेमतेम सव्वा मीटर सरकतो. पण त्या फेऱ्यात माणूस जागच्या जागी सव्वासहा मीटरचा डोंगर चढलेला असतो! ६० गुणिले सव्वासहा आणि ३०० गुणिले सव्वा, दोन्हींचं उत्तर एकच. हा मेळ मला दर वेळी नव्याने आनंद देतो.

अशी चाकं आजही चालतात. बर्गंडीत त्रेन्यी गावाजवळ गेदलों इथे १९९७पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने किल्ला बांधला जातोय. तिथले सुतार ही चाकं स्वतः घडवतात, आणि माझ्या मते सुतारकी शिकायला याहून चांगली शाळा नाही. फडताळाचा सांधा थोडा ढिला राहिला तरी वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. चाकात माणूस आणि दोराला दगड असताना ढिला सांधा त्याच दिवशी बोलतो.

आरे कसे बसवायचे, एवढंच पाहा. ते आसाला भोकं पाडून आरपार घातले, तर भार सर्वांत जास्त जिथे येतो तिथेच लाकूड पोखरलं जातं. आपल्या बैलगाडीचा तुंबा इतका जाड का, याचंही कारण हेच: आऱ्यांची भोकं पोटात घेऊनही तो टिकला पाहिजे. मोठ्या चाकांसाठी सुतारांनी दुसरी वाट काढली. दोन-दोन समांतर दांडे एकमेकांना छेदून त्यांची चौकट आसाला मिठीसारखी बसवायची. आसाला भोक नाही, त्याची ताकद शाबूत.

लाकडाची ताकद राखण्याची तीच समज तुळईतही लागते. करवत सरळ रेषेत जाते आणि वाटेत आलेले धागे कापत जाते. कुऱ्हाडीने ओला ओक तासताना सुतार ओंडक्याच्या वळणाबरोबर जाऊ शकतो, त्यामुळे धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात.

१५ एप्रिल २०१९च्या आगीत नोत्र दामचं ओकचं छत गेलं, तेव्हा लेझर-स्कॅनचा खूप गवगवा झाला. स्कॅन उपयोगी होताच. पण त्या छताची ओळख आधीच करून ठेवली होती रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी. २०१४मध्ये त्यांनी ही लाकडी रचना तपशीलवार मोजून नकाशांवर उतरवली होती. त्यांची नावं मथळ्यांत फार आली नाहीत, याची मला खंत आहे. पुढे गेदलोंमध्ये हात बसलेले काही सुतार याच छताच्या कामाला लागले.

त्याआधी, सप्टेंबर २०२०मध्ये, सुतारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने कुऱ्हाडीने तासलेली ओकची एक कैची, म्हणजे छत पेलणारी त्रिकोणी चौकट, नोत्र दामसमोरच्या चौकात आणली. आराखडा २०१४च्या मोजणीतला. उभी केली ती दोर ओढून, माणसांच्या बळावर.