इम्युनिटी म्हणजे नेमके काय? सिकलसेलच्या घरांनी समजून घ्यावा असा शब्द

नागपूर : करोनाच्या साथीत 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोहोचला. काढा, चूर्ण, गोळ्या, सरबत, सगळ्यांच्या वेष्टनावर तो झळकू लागला. "माझी इम्युनिटी चांगली आहे, मला काही होत नाही," असे आपण सहज बोलतो. पण ज्या घरात सिकलसेल आहे, तिथे या शब्दाचा चुकीचा अर्थ लेकराच्या जिवावर बेतू शकतो. विदर्भात बौद्ध समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. म्हणून हा शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे.

मूळ अर्थ कायद्याचा

लॅटिन भाषेत 'इम्युनिस' म्हणजे करातून किंवा सार्वजनिक कामाच्या सक्तीतून सूट मिळालेला. कायद्यात हा अर्थ आजही टिकून आहे. संविधानाच्या अनुच्छेद 361 नुसार राष्ट्रपती व राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाई करता येत नाही. अनुच्छेद 105 आणि 194 खासदार-आमदारांना सभागृहातील भाषण व मतदानाबद्दल संरक्षण देतात. मात्र लाच घेऊन मत देणाऱ्याला हे संरक्षण नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2024 रोजी दिला.

म्हणजे संरक्षण कोणाला, कशापासून आणि किती काळ, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय या शब्दाला अर्थ येत नाही.

शरीरातही तेच तीन प्रश्न

वैद्यकशास्त्रात इम्युनिटीला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. एखादा जंतू किंवा त्याची लस शरीरात गेली की शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी लवकर प्रतिकार करते. गोवराची लस गोवरापासून वाचवते, न्यूमोनियापासून नाही. काही संरक्षण आयुष्यभर टिकते, तर काही काळाने ओसरते. सकस आहार व झोप आवश्यकच आहे, पण लसीचे काम कोणताही काढा करत नाही.

सिकलसेल आणि गैरसमज

'सिकलसेलवाल्यांना मलेरिया होत नाही,' असे ऐकायला मिळते. इथे तेच प्रश्न विचारा. कोणाला? फक्त वाहकाला, म्हणजे ज्याला सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून मिळाले आहे त्याला. कशापासून? फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून, तेही काही अंशी. वाहकालाही मलेरिया होऊ शकतो. दोन्ही पालकांकडून जनुक मिळालेल्या रुग्णासाठी तर मलेरिया जीवघेणा ठरू शकतो.

रुग्णाची खरी अडचण वेगळीच आहे. रक्तातील काही जंतू गाळून नष्ट करणारी प्लीहा सिकलसेलमुळे बालपणीच निकामी होऊ लागते. त्यामुळे न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत गंभीर होतो. अशा मुलाला वेळेवर लसी, लहान वयात डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित पेनिसिलिन आणि ताप येताच रुग्णालय, हेच त्याचे संरक्षण. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात ती देतात. पुढे आणखी कोणत्या लसी लागतील, हे डॉक्टरांना विचारावे. ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी काढा देत सकाळची वाट पाहू नये.

लग्नाआधी तपासणी

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. नागपुरातून पद्मश्री संपत रामटेके यांनी याबाबत दीर्घकाळ जनजागृती केली. वाहक असणे हा आजार नाही आणि लाजेची बाब तर मुळीच नाही. पत्रिका जुळवण्यापेक्षा रक्ततपासणीचा अहवाल पाहणे कधीही शहाणपणाचे.

परंपरा सांगते किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. बाटलीवरच्या 'इम्युनिटी' शब्दालाही तोच नियम लावू या.